रिप्लेसफाइल फंक्शन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मजकूर संपादनाच्या एका प्रोग्रॅममधील ‘सेव्ह’ ही क्रिया सांभाळण्याचे काम नऊ महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून विंडोजमधील ‘रिप्लेसफाइल’ हे एका फाइलीच्या जागी दुसरी फाइल आणणारे फंक्शन मी रोज वापरत आहे. विंडोज 2000 पासून उपलब्ध असलेले हे फंक्शन नवे नाही, तरी ते वापरणारे प्रोग्रॅम मला फार थोडे दिसले. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

आमचा सर्वांत जुना कोड मूळ फाइल उघडून रिकामी करत असे आणि तिच्यातच नवा मजकूर लिहीत असे. या दोन पायऱ्यांच्या मध्ये वीज गेली तर जुना मजकूर संपलेला आणि नवा पूर्ण न झालेला, अशी अवस्था होत असे. पुढे कोणीतरी तो बदलून नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहिण्याची आणि मग ‘मूव्हफाइलएक्स’ या फाइल हलवणाऱ्या फंक्शनने ती मूळ नावावर आणण्याची पद्धत घातली. त्यामुळे मजकूर सुरक्षित राहू लागला, पण फाइल मात्र प्रत्येक वेळी नवीच होऊ लागली. मूळ फाइलीला खास दिलेल्या परवानग्या जाऊन तिच्या जागी फोल्डरच्या परवानग्या येत, फाइल संकुचित किंवा एन्क्रिप्ट करून ठेवली असेल तर तेही टिकेलच असे नसे, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर ‘झोन आयडेंटिफायर’ या उपप्रवाहात (फाइलीला जोडलेल्या वेगळ्या माहितीत) असलेली खूण नाहीशी होई. मोजक्याच लोकांसाठी खुली ठेवलेली एक फाइल आमच्या प्रोग्रॅमने सेव्ह केल्यावर फोल्डरमधील सर्वांना वाचता येऊ लागली, अशी तक्रार आली तेव्हा हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही, हे माझ्या पक्के लक्षात आले.

रिप्लेसफाइलला मूळ फाइल, तिची जागा घेणारी फाइल आणि हवे असल्यास बॅकअपचे नाव द्यावे लागते. त्यानंतर मूळ फाइलीची निर्मितीची तारीख, तिचे लघुनाव (जुन्या पद्धतीचे आखूड नाव), ऑब्जेक्ट आयडेंटिफायर (फाइलीची ओळखखूण), परवानग्यांची यादी, एन्क्रिप्शन, संकोचन आणि नव्या फाइलीत नसलेले उपप्रवाह हे सर्व नव्या फाइलीवर चढवले जाते. बदलाची तारीख अर्थातच नव्या फाइलीची राहते, आणि तेच योग्य आहे. एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच ओळखून ठेवावी: तयार होणाऱ्या फाइलीचा अंतर्गत क्रमांक नव्या फाइलीचाच असतो. त्यामुळे मूळ फाइलीला दुसऱ्या नावाने हार्ड लिंक (त्याच फाइलीकडे नेणारे आणखी एक नाव) असेल, तर त्या दुसऱ्या नावाखाली जुनाच मजकूर राहतो.

तिन्ही फाइली एकाच व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एकाच विभागावर) असणे बंधनकारक आहे, म्हणून तात्पुरती फाइल मी मूळ फाइलीच्याच फोल्डरमध्ये तयार करतो. येथे एक बारीक धोका आहे, ज्याकडे माझे पहिले काही आठवडे दुर्लक्ष झाले. अशी तात्पुरती फाइल जन्मतः फोल्डरच्या परवानग्या घेते, म्हणजे अदलाबदल होईपर्यंत गोपनीय मजकूर काही क्षण उघडा पडलेला असतो. आता मी ती फाइल केवळ चालू वापरकर्त्यालाच वाचता येईल अशा परवानग्यांसह निर्माण करतो; मूळच्या परवानग्या बदलाच्या वेळी तिच्यावर येतातच. मूळ फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल तर तात्पुरती फाइलही पहिल्या अक्षरापासून एन्क्रिप्ट केलेली असावी, अन्यथा साध्या मजकुराचे अवशेष डिस्कवर मागे राहू शकतात.

लिहिलेला मजकूर डिस्कवर खरोखर पोचला आहे याची हमी हे फंक्शन देत नाही. ‘राइट थ्रू’ (थेट डिस्कवर लिहिणे) नावाचा एक पर्याय त्यात दिसतो, पण तो समर्थित नाही असे दस्तऐवजातच म्हटले आहे. म्हणून मजकूर डिस्कवर उतरवणारे ‘फ्लशफाइलबफर्स’ बोलावणे, ते यशस्वी झाले का हे तपासणे, तात्पुरती फाइल बंद करणे आणि मगच रिप्लेसफाइलकडे वळणे, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

सर्वाधिक वेळ मात्र अपयशाच्या तीन क्रमांकांनी घेतला, आणि या फंक्शनचे खरे स्वरूप तेथेच कळते. 1175 आला तर मूळ फाइल हटवता आलेली नसते आणि दोन्ही फाइली आपापल्या नावाने सुरक्षित असतात. 1176 आला तर बॅकअपचे नाव दिलेले होते की नव्हते यावर सगळे अवलंबून असते: दिले असेल तर दोन्ही फाइली जागच्या जागी राहतात, दिले नसेल तर मूळ फाइल नष्ट झालेली असते आणि नवा मजकूर केवळ तात्पुरत्या नावाखाली उरतो. अशा वेळी ‘सेव्ह अयशस्वी झाले’ एवढेच सांगून तात्पुरती फाइल पुसून टाकणारा कोड वापरकर्त्याचे सर्वस्व पुसतो. आमच्या कोडमध्ये अगदी हीच ओळ होती. ती सापडली त्या दिवसापासून बॅकअपचे नाव दिल्याशिवाय मी हे फंक्शन बोलावलेले नाही. 1177 मध्ये मूळ फाइल बॅकअपच्या नावाखाली गेलेली असते आणि नवी फाइल तात्पुरत्याच नावाने असते, पण मूळचे गुणधर्म तिने उचललेले असतात. येथे मी आधी बॅकअप मूळ नावावर परत आणतो, तात्पुरती फाइल तशीच ठेवतो आणि दोन्ही कोठे आहेत हे वापरकर्त्याला स्पष्ट शब्दांत कळवतो.

तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. गुणधर्म चढवताना काही ठिकाणी अडचण येई आणि सेव्ह थांबे, म्हणून अशा अडचणींकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय मी सरसकट चालू केला. तक्रारी थांबल्या, पण काही फाइलींच्या परवानग्या कोणालाही न कळता बदलल्या, म्हणजे ज्या कारणासाठी हे फंक्शन निवडले होते तेच कारण मी हाताने रद्द केले होते. तो पर्याय आता बंद आहे. अडचण आली तर वापरकर्त्याला विचारले जाते.

फाइल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असल्याची त्रुटी, क्रमांक 32, बहुधा एखादे अँटीव्हायरस नव्या फाइलीची तपासणी करत असल्यामुळे येते. 50 मिलिसेकंद थांबून आणि थांबा दर वेळी दुप्पट करत पाच वेळा प्रयत्न केल्यावर हा त्रास जवळजवळ संपला.

याच प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीवर काम करताना रिप्लेसफाइलची किंमत मला अधिक कळली. तेथे ‘रीनेम’ ही क्रिया नावाची अदलाबदल अखंडपणे करते: त्या नावाने पाहणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते किंवा नवी, मधली अवस्था दिसत नाही. ही खात्री रिप्लेसफाइलच्या बहुपायरी कामापेक्षा मला अधिक भक्कम वाटते. पण गुणधर्म मात्र एकेक करून स्वतः उचलावे लागतात. मालक आधी बदलावा लागतो आणि परवानग्या नंतर, कारण मालक बदलताना सेटयूआयडीसारखे (प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालवणारे) बिट पुसले जातात. एसीएल (परवानग्यांची सविस्तर यादी) आणि विस्तारित गुणधर्म (फाइलीला जोडलेली जादा माहिती) वेगळे उतरवावे लागतात, सांकेतिक दुवा असेल तर तो ज्या फाइलीकडे नेतो ती शोधून तिच्याशीच काम करावे लागते, आणि शेवटी फाइलीबरोबर फोल्डरवरही ‘एफसिंक’ (डिस्कवर उतरवण्याची क्रिया) करावे लागते. इतके करूनही निर्मितीची वेळ नव्या फाइलीवर चढवण्याची सोय तेथे नाही, आणि साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या मालकीची फाइल त्याच मालकाच्या नावाने पुन्हा निर्माण करता येत नाही.

मूळ फाइल अस्तित्वातच नसेल तर रिप्लेसफाइल अयशस्वी होते, तेव्हा पहिल्या सेव्हसाठी मूव्हफाइलएक्सची वाट ठेवलेली आहे. हार्ड लिंकची संख्या एकपेक्षा जास्त असेल तेथे मात्र मी आजही फाइलीच्या जागेवरच लिहितो. त्याआधी जुन्या मजकुराची पूर्ण प्रत शेजारी काढतो, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करून घेतो, आणि नवा मजकूर पूर्ण लिहून झाल्याशिवाय ती हटवत नाही.