वर्दळीच्या घरासाठी लॅमिनेट फ्लोअरिंग: आधी सांधा पाहावा, मग रंग

लहान मुले, वयस्कर माणसे आणि एक कुत्रा असलेल्या आमच्या घरात दोन प्रकारचे लॅमिनेट फ्लोअरिंग रोजच्या वापरात आहे. हॉल आणि पॅसेजमध्ये ८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या आहेत, तर बेडरूममध्ये दुसऱ्या उत्पादकाच्या १२ मिलिमीटर जाडीच्या. दोन्हींच्या खोक्यांवर एसी ४ हा, घर्षणाने होणारी झीज किती सोसली जाते ते सांगणारा, दर्जा छापलेला होता आणि दोन्ही क्लिक पद्धतीच्या, म्हणजे गोंद न लावता एकमेकींत अडकवून बसवण्याच्या आहेत. या वापरावरून माझे मत असे झाले आहे की लॅमिनेटची सगळी जाहिरात ज्या गुणावर केली जाते, तो चरे न पडण्याचा गुण बहुतेक बऱ्या फळ्यांमध्ये घराच्या गरजेपुरता असतोच. माणसांची सतत ये-जा असलेल्या घरात फ्लोअरिंगचे आयुष्य ठरते ते सांध्यांवर, आणि सांध्यांविषयी विक्रेता विचारल्याशिवाय काही सांगत नाही.

लॅमिनेटची फळी दिसते लाकडासारखी, पण ती लाकडाची फळी नव्हे. तिचा बहुतांश भाग एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून उष्णतेने आणि दाबाने घट्ट केलेला असतो. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद, कागदाच्या वर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, आणि फळी वाकू नये म्हणून तळाशी तोल सांभाळणारा आणखी एक थर असतो. वरच्या पारदर्शक थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय कठीण कण असतात आणि झिजेला तोंड देण्याचे काम तेच करतात. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की वरचा थर घासून गेला तर खाली लाकूड नसून छापील कागद आहे. खऱ्या लाकडासारखे ते तासून, पॉलिश करून पुन्हा नवे करता येत नाही. त्यामुळे निवड करतानाच काळजी घेणे भाग आहे.

एसी क्रमांकाविषयी मात्र बराच गैरसमज आहे. युरोपातील ईएन १३३२९ या मानकानुसार हा क्रमांक एसी १ ते एसी ६ असा असतो आणि तो केवळ घर्षणाची चाचणी सांगतो. फिरत्या नमुन्यावर घासकागद लावलेली चाके टेकवून, किती फेऱ्यांनंतर खालची नक्षी उघडी पडू लागते हे त्यात मोजले जाते. फळीवर जड वस्तू पडली तर काय होईल, डाग राहतील का, खुर्चीच्या चाकांनी काय होईल, पाण्यात ती किती फुगेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर एसी क्रमांकात नाही. ते उत्तर त्याच मानकातील वापराच्या वर्गात असते: घरगुती वापरासाठी २१, २२ आणि २३, तर व्यावसायिक वापरासाठी ३१ पासून पुढे. एखादा वर्ग मिळण्यासाठी त्या वर्गाच्या सगळ्या चाचण्यांत उतरावे लागते, एकट्या घर्षणात चमकून भागत नाही. म्हणून घर्षणात उत्तम असलेली फळी इतर बाबतीत कच्ची असेल, तर तिचा वर्ग खालीच राहतो. वर्दळीच्या घरासाठी मी वर्ग ३२ मागेन, आणि खोक्यावर केवळ एसी क्रमांक मोठ्या अक्षरांत असून वर्ग कुठेच दिसत नसेल, तर ते खोके बाजूला ठेवीन.

लॅमिनेट फ्लोअरिंग स्वीडनमधील पेर्स्टोर्प कंपनीत १९७७ मध्ये जन्माला आले, आणि पुढली बरीच वर्षे या फळ्या गोंद लावूनच जोडल्या जात. व्हेलिंगे आणि युनिलिन या कंपन्यांच्या क्लिक पद्धती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आल्या आणि गोंद जवळजवळ हद्दपार झाला. बसवणे सोपे झाले, फळी उचलून बदलणेही शक्य झाले. पण गोंदाने सांध्याला मिळणारे पाण्यापासूनचे संरक्षणही त्याबरोबर गेले. आता ते काम एका फळीच्या कडेची पुढे आलेली जीभ आणि ती जिथे अडकते ती दुसऱ्या फळीची खाच किती अचूक कापली आहे आणि कडांना मेण किंवा तत्सम लेप दिला आहे की नाही, यावर अवलंबून राहिले आहे.

आमच्या घरातल्या दोन फ्लोअरिंगमधला फरक नेमका इथेच दिसतो. हॉलमधल्या ८ मिलिमीटरच्या फळ्यांच्या कडांना मेणाचा लेप आहे. तिथे कुत्र्याचे पाण्याचे भांडे असते, त्याच्याभोवती दिवसातून अनेकदा पाणी सांडते आणि ते प्रत्येक वेळी लगेच पुसले जाते असे नाही. तरीही त्या भागातले सांधे सपाट आहेत. बेडरूममध्ये, जिथे बाथरूममधून ओल्या पायांनी यावे लागते, तिथल्या १२ मिलिमीटरच्या फळ्यांचे दोन-तीन सांधे मात्र उचलले गेले आहेत. नख आडवे फिरवले की ते कडेला अडते, आणि तिरप्या उजेडात सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीक उंचवटा दिसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच उंचवट्यावर छपाई फिकट होऊन पांढुरकी रेघ उमटू लागली आहे, कारण वर आलेल्या कडेला येणारा-जाणारा प्रत्येक पाय घासतो. म्हणजे जी झीज एसी ४ ने थोपवायला हवी, ती तिथे पाण्याच्या वाटेने आली. खोलीच्या मध्यभागी त्याच फळ्यांवर साधा ओरखडाही नाही.

फुगलेले एचडीएफ वाळल्यावर पूर्ववत बसत नाही. उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात जाडीतील फुगवट्याची टक्केवारी दिलेली असते; ती मागून घ्यावी आणि जितकी कमी तितके बरे, असे समजावे. हा आकडा १५ टक्के असेल, तर ८ मिलिमीटरची फळी १.२ मिलिमीटरने वाढू शकते आणि एवढी कड अनवाणी पायाला सहज जाणवते. पत्रक मिळत नसेल, तर दुकानातून नमुन्याचे तुकडे आणून ते रात्रभर पाण्यात अर्धे बुडवून ठेवावेत आणि सकाळी कोरड्या भागाशी बोटांनी ताडून पाहावेत. कापलेली कड उघडी असल्याने ही परीक्षा प्रत्यक्ष वापरापेक्षा कठोर आहे, पण दोन नमुन्यांतला फरक ती लपू देत नाही. सांध्यासाठी दोन तुकडे जोडून, हाताने अलगद वाकवून आणि आडवे ओढून पाहावेत. फट दिसत असेल किंवा जिभेचा कोपरा हातातच तुटत असेल, तर रंग कितीही आवडला तरी तो नमुना परत करावा. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की वर सांडलेले पाणी ठरावीक तासांपर्यंत सांध्यातून आत जाणार नाही. खालून किंवा भिंतीच्या कडेने येणारे पाणी त्या हमीत बसत नाही.

जाडीचा आग्रह मला अतिरंजित वाटतो. जाड फळी पायाखाली अधिक भरीव लागते, तिच्यात सांध्याला कापायला जागा जास्त मिळते आणि जमिनीतला किंचित खोलगटपणा ती सहन करते, हे खरे आहे. पण जाडीने पाणी थांबत नाही आणि वरचा थरही आपोआप मजबूत होत नाही. १२ मिलिमीटरची सामान्य फळी आणि ८ मिलिमीटरची चांगल्या सांध्याची फळी असे दोनच पर्याय समोर असतील, तर मी विचार न करता दुसरी घेईन. ६ मिलिमीटरच्या फळ्या मात्र वर्दळीच्या ठिकाणी टाळाव्यात.

आवाजाचा विषय घरात लहान मुले असतील तर गौण राहत नाही. हे फ्लोअरिंग जमिनीला चिकटवलेले नसते, ते तरंगत्या अवस्थेत असते, त्यामुळे त्यावर धावणाऱ्या पायांचा पोकळ, ढोलासारखा आवाज येतो. यावर उपाय जाड फळी हा नसून खाली अंथरायचा अंडरले हा आहे. अंडरले जितका जाड तितका चांगला, ही समजूतही चुकीची आहे, कारण फार मऊ अंडरलेवर फळी प्रत्येक पावलाला खाली दबते आणि तो ताण पुन्हा सांध्यावरच येतो. साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा, दाबाला न बसणारा घट्ट अंडरले पुरतो. खाली काँक्रीट किंवा फरशी असेल, तर ओल रोखणारा पॉलिथिनचा थर वेगळा घालावा किंवा तो असलेला अंडरले निवडावा.

बसवण्याच्या कामावर देखरेख ठेवायची असेल, तर ती दोन ठिकाणी ठेवावी. पहिले म्हणजे जमिनीची सपाटी: दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली असता खाली २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर जमीन आधी समतल करून घ्यावी, नाहीतर त्या जागी फळी पायाखाली हलत राहते आणि क्लिकचे ओठ तुटतात. दुसरे म्हणजे भिंतीलगतची मोकळी जागा. हवेतील दमटपणानुसार फळ्या वाढतात आणि आकसतात, म्हणून चहूबाजूंनी ८ ते १० मिलिमीटर अंतर सोडावे लागते. ते पुढे स्कर्टिंगखाली झाकले जाते. घाईत काम करणारा कारागीर दाराच्या चौकटीशी हे अंतर हमखास विसरतो आणि मग दमट दिवसांत फ्लोअरिंग मधोमध उचलले जाते. जड कपाट जमिनीला स्क्रूने पक्के करणेही याच कारणाने चालत नाही. खोकी उघडण्याआधी त्याच खोलीत ४८ तास आडवी ठेवावीत, ही सूचना जवळपास प्रत्येक उत्पादक देतो आणि ती पाळण्यासारखी आहे.

रंग आणि पोत यांविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण इथे आवडनिवड ज्याची त्याची. गडद आणि चकचकीत फळीवर धूळ, पायांचे ठसे आणि कुत्र्याचे केस दिवसभर दिसत राहतात. मध्यम छटेची, मॅट आणि किंचित खरबरीत फळी हे सगळे पोटात घालते. कडांना तिरपा काप असलेल्या फळ्या लाकडाचा आभास चांगला देतात, पण त्या खाचेत माती बसते. तो काप मेलामाइनच्या थराखालीच दाबून बनवलेला आहे की नुसता रंगवलेला आहे, एवढे नमुन्यावर पाहून घ्यावे. एकाच नक्षीच्या फळ्या शेजारी-शेजारी आल्या की नकलीपणा चटकन उघडा पडतो, म्हणून खोक्यात किती वेगवेगळ्या नक्ष्या आहेत हेही विचारावे.

रोजची निगा सोपी आहे. झाडू किंवा मऊ ब्रशचा व्हॅक्यूम, आणि घट्ट पिळलेले फडके. वाफेचा मॉप कधीही वापरू नये, कारण तो वाफ थेट सांध्यात ढकलतो. फर्निचरच्या पायांना नमद्याचे तुकडे आणि मुख्य दाराशी मोठे पायपुसणे हवेच. बुटांच्या तळव्याला चिकटून येणारी वाळू ही या पृष्ठभागाची खरी शत्रू आहे. चाकांच्या खुर्चीला मऊ चाके बसवून घ्यावीत.

फॉर्माल्डिहाइडचा प्रश्न लहान मुलांच्या पालकांनी विचारायलाच हवा, कारण एचडीएफमधल्या राळेतून हा वायू थोड्या प्रमाणात बाहेर पडू शकतो. हे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत असल्याचे सांगणारी किमान ई १ ही खूण खोक्यावर असलेलीच फळी घ्यावी.

स्वयंपाकघर आणि बाथरूम यांविषयी माझे मत ठाम आहे. बाथरूममध्ये लॅमिनेट लावूच नये. स्वयंपाकघरात ते लावता येते, पण सिंकखालची एखादी गळती आठवडाभर लक्षात आली नाही, तर तेवढा भाग गेलाच म्हणून समजावे. तिथे टाइल्स किंवा एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक यांपासून बनवलेल्या फळ्या अधिक शहाणपणाच्या ठरतात. एसपीसीचा गाभा पाण्याने फुगत नाही. मग घरभर तेच का लावू नये, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की चांगल्या लॅमिनेटचा पृष्ठभाग फर्निचर सरकवताना पडणाऱ्या ओरखड्यांना अधिक दाद देत नाही, आणि कोरड्या खोल्यांत रोजचा त्रास पाण्याचा नसून याच ओरखड्यांचा असतो. हॉल, पॅसेज आणि मुलांची खोली यांसाठी मी पुन्हा लॅमिनेटच निवडेन; बाथरूमला लागून असलेल्या खोलीत दारापासून एक-दोन फूट टाइल्सचा पट्टा ठेवून मगच फळ्या सुरू करेन.

खरेदी करताना कापाकापीत वाया जाणाऱ्या मालासाठी ५ ते १० टक्के जास्त धरावे लागतातच. त्याशिवाय एक अख्खे खोके वेगळे विकत घेऊन कोरड्या जागी आडवे ठेवून द्यावे. नक्षी काही काळाने बाजारातून जाते, आणि दुसऱ्या उत्पादकाची तशीच दिसणारी फळी मिळाली तरी तिचा क्लिक आपल्या फळीत बसत नाही. जवळच्या भिंतीपासून फळ्या ओळीने सोडवत खराब फळीपर्यंत पोहोचता येते, पण ती बदलायला जुळणारी फळी हाताशी असली तरच.