सेकंड हँड गाडीचं इंजिन बसलं, आता पैसे कोणाकडे मागायचे? कंपनी, विकणारा की ग्राहक आयोग

गाडी घेऊन जेमतेम सहा महिने झालेले असतात आणि वर्कशॉपवाला सांगतो की इंजिन सीझ झालंय, खोलावं लागेल, एस्टिमेट लाखाच्या पुढे जाईल. अशा वेळी मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास "कंपनीला कन्झ्युमर कोर्टात खेच" म्हणून मोकळा होतो. खेचता येतं, पण गाडी तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक म्हणून घेतली असेल तर तीन वेगळे रस्ते आहेत आणि तिघांचं गणित वेगळं आहे.

त्याआधी वॉरंटी बघा. ती साधारणपणे गाडीला असते, मालक बदलला म्हणून संपत नाही. उदा. मारुतीने जुलै 2024 पासून नव्या गाड्यांना 3 वर्षं किंवा 1 लाख किमी केली, त्यामुळे दीड-दोन वर्षांची गाडी घेतली असेल तर अजून वॉरंटीत असू शकते. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते, आणि आरसी ट्रान्सफरच्या गडबडीत लोक नेमकं हेच विसरतात. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष आढळल्याने कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघून घ्या, असेल तर ते काम फुकट होतं, मालक कितवा का असेना.

वॉरंटी संपली असेल तर पहिला रस्ता गुडविल. म्हणजे कंपनी हक्क म्हणून नाही तर मर्जीने पार्ट्सचा काही टक्के खर्च उचलते, लेबर बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी हुज्जत घालत बसू नका, त्याच्या हातात काही नसतं, कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरपर्यंत मेल गेला पाहिजे. सगळा खेळ सर्व्हिस हिस्टरीवर. आधीच्या मालकाने दोन सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये केल्या असतील आणि बिलं नसतील तर तिथेच ते हात वर करतात. पण वॉरंटी संपून थोडेच महिने झालेत, किमी कमी आहेत, रेकॉर्ड स्वच्छ आहे, तर माझ्या मते हाच रस्ता सगळ्यात फायद्याचा, कारण खर्च शून्य आणि उत्तर काही आठवड्यांत.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग, कंपनीविरुद्ध. आत शिरणं सोपं आहे. गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 5 ते 10 लाखांत 200 रुपये, तक्रार ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर टाकता येते, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात चालते, वकील सक्तीचा नाही. कायदा म्हणतो तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल, प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षांची तयारी ठेवा. खरी अडचण पुराव्याची. दोष कारखान्यातलाच आहे हे तुम्ही दाखवायचं, आणि कंपनीचं उत्तर ठरलेलं, आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नाही. अजून एक गोम आहे जी फार कोणी सांगत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं, आख्खं प्रकरण आहे, पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान धरलेलंच नाही. म्हणजे इंजिन फुटून कोणाला इजा झाली तर ते प्रकरण कामाचं, नुसतं इंजिन गेलं तर तक्रार सदोष वस्तू म्हणूनच करावी लागते. आणि नवी गाडी मिळेल या आशेवर तर राहूच नका, दोष एका पार्टमध्ये असेल तर तो पार्ट बदलून द्या, गाडी नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2006 मध्येच म्हटलंय.

यातला कुठलाही रस्ता धरा, इंजिन तुमच्यासमोर खोललं गेलं पाहिजे. खालचं ऑइल चेंबर उतरवताना ऑइल काळं घट्ट निघतंय की त्यात बेअरिंगचा चकचकीत चुरा आहे, ऑइल पंपाची जाळी चोंदलीय का, याचे फोटो-व्हिडिओ काढा, थोडं ऑइल बाटलीत भरून ठेवा, जुने पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. जॉब कार्डवर "कस्टमर निग्लिजन्स" असं काही खरडलेलं असेल तर सही करताना खाली स्वतःची हरकत लिहा. आयोग इंजिन तज्ज्ञाकडे तपासायला पाठवू शकतो, पण रिपेअर होऊन गेल्यावर तपासणार काय डोंबल?

तिसरा रस्ता विकणारा, आणि हा लोक उगाच सोडून देतात. ओळखीतल्या माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग सहसा उपयोगाचा नाही, दिवाणी दावा करावा लागतो आणि तो बहुतेक कोणी करत नाही. पण धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्या डीलरकडून घेतली असेल तर केस कंपनीपेक्षा सोपी पडते, कारण मीटर मागे फिरवलंय, पुरात बुडालेली गाडी लपवून विकलीय किंवा दिलेली लेखी वॉरंटी पाळली नाही, हे जुन्या सर्व्हिस रेकॉर्डवरून दाखवता येतं, त्याला मेटलर्जीचा, म्हणजे धातू तपासणीचा रिपोर्ट लागत नाही. डीलरवर कंपनीचा बोर्ड आहे म्हणून कंपनी आपोआप अडकते असं मात्र समजू नका. गोव्यातल्या एका केसमध्ये डीलरने 2009 ची गाडी 2011 ची म्हणून विकली होती, तरी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीला सोडलं, कारण डीलरच्या त्या कारभारात कंपनीचा हात होता किंवा तिला ते माहीत होतं हे सिद्ध झालं नव्हतं. म्हणून विकणारा डीलर असेल तर तक्रारीत त्याला पहिलं नाव द्या, दोषाबद्दल काही ठोस हाती असेल तरच कंपनीला दुसरं.

गुडविलचं बोलणं चालू असताना 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही पण कंपनीकडून लेखी उत्तर येतं आणि ते पुढे कामाला येतं. आयोगात तक्रार करायची मुदत 2 वर्षांची आहे, मेलामेलीत ती थांबत नाही. आणि कंपनीने 30-40 टक्के देतो म्हणून "फुल अँड फायनल" असं लिहिलेला कागद पुढे केला तर आधी घरी आणून वाचा, एकदा सही केली की पुढे आयोगात तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जातो.