पहिल्या तीन मिनिटांचा हिशेब

विश्वाच्या जन्माविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके बहुधा प्रचंड आकड्यांनी दिपवून टाकतात. ते आकडे आले कुठून, हे मात्र क्वचितच सांगतात. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांचे १९७७ साली प्रसिद्ध झालेले ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’ मला आजही मूलकणांच्या आणि विश्वरचनेच्या अभ्यासाची उत्तम सुरुवात वाटते, कारण ते सगळा हिशेब वाचकासमोर मांडते.

पाचवे प्रकरणच पाहा. सेकंदाचा शंभरावा भाग उलटला तेव्हा तापमान १०० अब्ज अंश केल्विन होते आणि न्यूट्रॉन व प्रोटॉन जवळजवळ सारख्याच संख्येने होते. विश्व निवत गेले तसे न्यूट्रॉनचे प्रमाण घटले: सुमारे एका सेकंदाला शेकडा २४, तर तीन मिनिटे ४६ सेकंदांनी शेकडा १३. तोवर ड्यूटेरियमचे (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचे) नाजूक अणुकेंद्रक जुळताच उष्णतेने फुटत होते. आता ते टिकू लागते आणि उरलेले बहुतेक सारे न्यूट्रॉन हेलियमच्या केंद्रकांत जाऊन बसतात. तिथे दर दोन न्यूट्रॉनांना दोन प्रोटॉनांची जोड असते, म्हणून तेराची दुप्पट, वजनाने शेकडा २६ हेलियम. हे गणित मी समासात पेन्सिलीने केले तेव्हा, आजच्या मोजमापांतही हे प्रमाण शेकडा २५ च्या आसपास निघते या गोष्टीचे मोल मला पहिल्यांदा कळले.

सहावे प्रकरण माझ्या विशेष आवडीचे आहे. आल्फर आणि हर्मन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४८ साली, विश्वाच्या तप्त आरंभातून आजवर उरलेल्या, सुमारे पाच अंश केल्विनच्या प्रारणाचे भाकीत केले होते. तरीही पेन्झियास आणि विल्सन यांना ते १९६५ च्या सुमारास न्यू जर्सीतील अँटेनात, न हटणाऱ्या खरखरीच्या रूपाने, अनपेक्षितपणे सापडले. भौतिकशास्त्रज्ञ आपल्याच समीकरणांवर पुरेसा विश्वास ठेवत नाहीत, हे वाइनबर्ग येथे स्वतःच्या बिरादरीविषयी मोकळेपणाने लिहितात. जयंत नारळीकरांच्या लेखनातून ज्यांना स्थिर विश्वाचा, म्हणजे विश्वाला आरंभच नाही असे मानणारा, सिद्धांत ठाऊक आहे, त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. त्या सिद्धांताला हे प्रारण इतके अडचणीचे का ठरले, ते इथे उमगते.

सातवे प्रकरण, क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) आणि सममितिभंग (विश्व निवताना मूळची समानता मोडणे) यांचे, नवख्याला जड जाईल. पाणी गोठण्याची उपमा तेवढी मदतीला येते. पुस्तकानंतर पुढे आलेली कृष्ण ऊर्जा (विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी) आणि २०१२ साली सापडलेला हिग्ज बोसॉन हा मूलकण यांची माहिती अर्थातच दुसरीकडे शोधावी लागेल. विकत घेताना १९९३ ची, नवे उपसंहारात्मक प्रकरण जोडलेली आवृत्ती मागावी.