डीप स्पेस नाइन: कपाळावरच्या वळ्या आणि कपाटातली ती रात्र

आधीच सांगून टाकते, पुढे 'डीप स्पेस नाइन' या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेचं कथानक बिनदिक्कत फोडलेलं आहे. जानेवारी १९९३ मध्ये सुरू होऊन जून १९९९ मध्ये संपलेल्या मालिकेची गुपितं अजून जपत बसण्यात अर्थ नाही. सात सीझन, दोन तासांचे भाग दुहेरी धरले तर १७६ भाग, सगळे डीव्हीडीवर. संपूर्ण संच मी परत एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पाहताना शेजारी मावसभाऊ होता आणि त्याचं माझं एकाही मुद्द्यावर पटत नाही. निम्मी मजा त्यातच आहे.

या मालिकेचे दोन चाहते एकत्र आले की स्टेशनच्या डॉक्टर बशीरच्या गणवेशावरून जुंपणार हे ठरलेलं. पाचव्या सीझनच्या मध्यावर, 'इन पर्गेटरीज शॅडो' या भागात, क्लिंगन जमातीचा अधिकारी वॉर्फ आणि स्टेशनवरचा कार्डॅशियन शिंपी गॅरॅक शत्रूच्या तुरुंगात जाऊन पडतात, तर तिथे बशीर आधीच बसलेला. महिन्याभरापूर्वी त्याला पळवून आणलंय. म्हणजे इतके दिवस स्टेशनवर जो बशीर वावरतोय तो तोतया, शत्रूच्या रूप बदलणाऱ्या जमातीतला चेंजलिंग. इथवर धक्का मस्त बसतो. पण तुरुंगातल्या बशीरच्या अंगावर जुना गणवेश आहे, आणि राखाडी खांद्यांचा नवा गणवेश मालिकेत आला तो त्याआधीच्या 'रॅप्चर'मध्ये. आता मांडा हिशेब. 'रॅप्चर'मध्ये स्टेशनचा प्रमुख सिस्को याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचवला कुणी? तोतयाने!

मावसभाऊ यावर खूश. त्याचं म्हणणं, यात चूक कसली, ही तर चाल आहे. सिस्कोला जे दृष्टांत होत होते त्यांच्या जोरावर त्याने बजोर या शेजारच्या ग्रहाचा फेडरेशन या ग्रहसंघातला प्रवेश ऐन वेळी रोखला. शत्रूच्या हेराला असा त्रिकालदर्शी माणूस परवडणार नव्हता, म्हणून त्याने शस्त्रक्रिया करून दृष्टांतच बंद पाडले. तर्क झकास आहे, ऐकायलाही छान वाटतो. पण 'रॅप्चर' लिहिताना हे कुणाच्या डोक्यात असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. कपडेपट आधी बदलला, कथेला कलाटणी नंतर सुचली, आणि मधली फट चाहत्यांनी आपल्या पदरचा चुना लावून बुजवली. बरं, तोतयाची भानगड निस्तरते न निस्तरते तोच पुढच्या आठवड्यात कळतं की खऱ्या बशीरच्या जनुकांमध्ये लहानपणीच आईबापांनी बेकायदा फेरफार करून घेतले होते. लागोपाठ दोन धक्के एकाच माणसाच्या माथी.

माझं पोट हिशेब तपासण्यावर चालतं, त्यामुळे असल्या विसंगती माझ्या नजरेतून सहसा सुटत नाहीत. तरीही मी त्यांच्यावरून मालिकेचे गुण कापत नाही. स्टेशनवरची विज्ञान अधिकारी जॅड्झिया डॅक्स ज्या ट्रिल जमातीची, ते लोक १९९१ साली आधीच्या 'द नेक्स्ट जनरेशन' मालिकेत दिसले तेव्हा त्यांच्या कपाळाला उंचवटे होते आणि ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र, त्यांना चालत नव्हतं. इथे उंचवटे गायब, मानेवरून खाली उतरणारे ठिपके आले, आणि बाई ट्रान्सपोर्टरमधून खुशाल ये-जा करतात. टेरी फॅरेलच्या चेहऱ्यावर ते उंचवटे निर्मात्यांना पसंत पडले नाहीत, एवढंच कारण. क्लिंगनांचं तर विचारूच नका. साठच्या दशकात त्यांची कपाळं सपाट, १९७९ च्या चित्रपटापासून वळ्यावळ्यांची. १९९६ च्या 'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स'मध्ये आपली मंडळी भूतकाळात जाऊन त्या सपाट कपाळांच्या क्लिंगनांसमोर उभी राहतात आणि सगळ्यांच्या नजरा वॉर्फकडे वळतात. वॉर्फ म्हणतो, आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही. विषय संपला! २००५ मध्ये दुसऱ्या एका मालिकेने दोन भाग खर्ची घालून विषाणूचं रीतसर स्पष्टीकरण दिलं. मला वॉर्फचं उत्तर जास्त पटतं.

माझं घोडं अडतं ते दुसरीकडे. अमुक माणसावर अमुक प्रसंग गुदरला, तो पुढे त्याच्या वागण्या-बोलण्यात उरला की नाही, एवढं मी बघते. या बाबतीत ही मालिका कधी अशी चकित करते की उठून टाळ्या वाजवाव्यात, आणि कधी इतकी कोडगी होते की रिमोट फेकावासा वाटतो.

स्टेशनवरच्या बजोरी अधिकारी कीरा नेरीसचंच घ्या. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे 'डुएट' नावाचा भाग आहे. बजोरवर पूर्वी कब्जा ठेवणाऱ्या कार्डॅशियन जमातीतला एक जण कीराच्या ताब्यात येतो. तो म्हणे बजोरी कैद्यांच्या श्रमछावणीचा क्रूर प्रमुख. शेवटी उघड होतं की हा त्या छावणीतला साधा कारकून आहे. किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून घेणारा, आणि आता आपल्या लोकांना गुन्हा कबूल करायला लावण्यासाठी स्वतः फासावर चढायला निघालेला. कीरा त्याला सोडून देते आणि तेवढ्यात एक बजोरी माणूस त्याला भोसकतो. कारण काय, तर तो कार्डॅशियन होता. तेवढं कारण कीराला पुरेसं वाटत नाही, आणि भाग तिथेच तुटतो. आता थेट सातव्या सीझनच्या अखेरीला या. हीच कीरा फेडरेशनचा गणवेश घालून शत्रूविरुद्ध उठलेल्या कार्डॅशियन बंडखोरांना छापामार लढाई शिकवतेय. त्यांचा म्होरक्या डमार. डमारनेच अर्धी बजोरी, अर्धी कार्डॅशियन असलेल्या झियालला मारलेलं, आणि झियालवर कीराचा किती जीव होता हे आपण पाहिलेलं आहे. डमारच्या बायकोला आणि मुलाला शत्रू ठार करतो. तो कोसळतो आणि विचारतो, निरपराध बायकापोरांना मारणारे हे लोक तरी कसले? कीरा मान वर करून तोच प्रश्न त्याच्याकडे परत फेकते. खोलीत शांतता. डमार निघून जातो. बोलून बसल्यावर कीराला स्वतःचीच लाज वाटते, तर गॅरॅक म्हणतो की त्याला हे ऐकवायलाच हवं होतं. पाच-सात वाक्यांचा प्रसंग, पण त्यामागे सहा वर्षांची पुंजी उभी आहे. नॅना व्हिझिटर तिथे आवाज जराही चढवत नाही, हेही बघा.

फेरेंगी या व्यापारी जमातीतल्या नॉगचा आलेख याहून सरस. मालिकेच्या पहिल्याच भागात हा पोरगा चोरी करताना पकडला जातो आणि सिस्को त्याला कोठडीत ठेवून त्याच्या काकाला, बारमालक क्वार्कला, स्टेशनवर राहायला भाग पाडतो. तिसऱ्या सीझनमध्ये नॉगला फेडरेशनच्या ताफ्यात, स्टारफ्लीटमध्ये जायचं असतं. सगळे हसतात. कारण काढून घेतल्यावर कळतं की त्याला आपल्या बापासारखं आयुष्यभर दबून जगायचं नाही. सातव्या सीझनमध्ये युद्धात त्याचा पाय जातो. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत कृत्रिम पाय बसवून पुढच्या आठवड्यात गडी धावायला लागला असता. इथे पाय तंत्रदृष्ट्या उत्तम बसलाय आणि तरी तो लंगडतो, काठी सोडत नाही, एकच गाणं पुन्हा पुन्हा लावतो. मग होलोसूटमधल्या बनावट जगात, विक फाँटेन नावाच्या गायकाकडे जाऊन राहतो आणि त्याच्या क्लबचे हिशेब लिहायला घेतो. (हिशेब लिहून माणसाचं डोकं ताळ्यावर येतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.) मुख्य नट जवळजवळ बाजूला ठेवून दोन दुय्यम पात्रांवर अख्खा भाग सोपवण्याची छाती या लेखकांनी दाखवली. एरन आयझेनबर्गने त्या जाड मुखवट्याआडून जे काम केलंय ते बघण्यासाठी तरी सातवा सीझन गाळू नका.

आणि आता कोडगेपणा. चौथ्या सीझनमधला 'हार्ड टाइम' हा एक सुन्न करणारा भाग. स्टेशनचा अभियंता ओब्रायन याच्या डोक्यात वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी भरल्या जातात. प्रत्यक्षात गेलेत काही तास, पण त्याच्या लेखी वीस वर्षं सरलीत. त्या कोठडीत त्याने आपल्या एकुलत्या सोबत्याला अन्नाच्या संशयावरून मारलंय, आणि तो बिचारा ते अन्न दोघांसाठीच राखून ठेवत होता. घरी परतल्यावर ओब्रायन अन्न दडवतो, जमिनीवर झोपतो, पोटच्या मुलीवर हात उगारतो, शेवटी स्वतःला संपवायला निघतो. बशीर त्याला थोपवतो. कोल्म मीनीने जीव ओतलाय. आणि पुढे? पुढे काही नाही. गडी परत पाने घेऊन पाइप दुरुस्त करतोय, बशीरबरोबर डार्ट्स खेळतोय. त्या वीस वर्षांचं कुणी नावसुद्धा काढत नाही.

यावर मावसभाऊ त्या काळच्या व्यवस्थेवर खापर फोडतो, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत ही मालिका एका राष्ट्रीय वाहिनीवर नव्हती, वेगवेगळ्या स्थानिक वाहिन्यांना विकली जायची. त्या आपापल्या सोयीने वेळ ठरवणार, पुनःप्रक्षेपणात क्रम पुढेमागे करणार. म्हणून प्रत्येक भाग त्या आठवड्यापुरता मिटवून टाकावा, असा वरून आग्रह. त्या आग्रहाला न जुमानता आयरा स्टीव्हन बेअर आणि त्याच्या लेखकांनी सहाव्या सीझनच्या सुरुवातीला सलग सहा भागांची युद्धकथा चालवली, हे त्या काळात धाडसच होतं.

मग त्याच सहा भागांनंतर जे झालं ते कसं माफ करायचं? स्टेशन शत्रूच्या ताब्यात असताना सुरक्षाप्रमुख ओडो, जो स्वतः चेंजलिंग आहे, आपल्या जमातीच्या मोहात इतका गुंततो की ठरलेलं काम करत नाही. परिणामी नॉगचा बाप रॉम पकडला जातो आणि त्याला मृत्युदंड होतो. कीराचा संताप तुम्ही पाहा, डोळ्यांतून आग बाहेर पडते. शेवटच्या क्षणी ओडो बाजू बदलतो, सगळे वाचतात. आता हे दोघं एकमेकांसमोर कसे उभे राहणार, या उत्सुकतेने पुढचा भाग लावावा, तर तो वॉर्फ-जॅड्झियाच्या लग्नाचा. तिथे जॅड्झियाच्या पार्टीत ओडो आणि कीरा कपड्यांच्या कपाटात शिरतात, रात्रभर बोलतात, आणि सकाळी बाहेर येतात तेव्हा सगळं मिटलेलं! काय बोलले? आपल्याला एक अक्षर ऐकवलं जात नाही. इथे स्थानिक वाहिन्यांची सबब चालणार नाही. लेखकांना तो संवाद लिहायचा नव्हता किंवा जमला नाही, आणि त्यांनी दार लावून घेतलं. मुखवट्यातून फक्त डोळ्यांनी बोलू शकणारा, ओडो साकारणारा रेने ओबेरजोनुआ हाताशी असताना! याच दोघांना पुढे प्रेमात पाडलंय, म्हणून ते मला आणखी लागतं.

कार्डॅशियन खलनायक डुकाटवरचं भांडण मी इथे पूर्ण उतरवत नाही, रात्र पुरायची नाही. थोडक्यात, मार्क अलेमोने हा खलनायक इतका लाघवी केला की बरेच प्रेक्षक त्याला मनातून माफ करून बसले, आणि 'वॉल्ट्झ'मध्ये लेखकांनी त्याच्याच तोंडून त्याचा द्वेष वदवून घेतला. तो भाग रास्तच आहे. पण नंतर त्याच्या अंगात दुष्टात्मे घालून डोळे लाल केले, तिथे माणूस संपला आणि सोंग उरलं. मावसभावाला ते लाल डोळे आवडतात. असोत.

संचाबद्दल दोन गोष्टी. चित्र मऊ आणि धुरकट आहे, मोठ्या पडद्यावर ते जास्तच जाणवतं. चित्रीकरण फिल्मवर झालं, पण संकलन आणि दृश्यचमत्कार व्हिडिओटेपवर. त्यामुळे चित्र सुधारायचं तर मूळ फिल्म काढून सगळं पुन्हा जोडावं लागेल. आधीच्या मालिकेचं ते काम झालं, हिच्या वाट्याला आलं नाही. लहान पडद्यावर बघा, निभावतं.

पहिला सीझन अडखळतो. पहिला भाग आणि 'डुएट' तेवढे बघून दुसऱ्यात शिरलात तरी फारसं अडणार नाही. तिसऱ्यापासून मात्र काही गाळू नका, अगदी फेरेंगींचे विनोदी भागसुद्धा, कारण नॉगची अर्धी जडणघडण त्यांतच दडलेली आहे. लग्नाचा तो भाग लागला की कपाटाच्या प्रसंगाला डीव्हीडी थांबवा आणि आत काय बोलणं झालं असेल ते सोबतच्या माणसाला विचारा. आमच्याकडे अजून त्यावर तह झालेला नाही.