भंगारातला ११ केव्हीचा पीटी: एक पावसाळा काढल्यावर

मृगाच्या आधी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका भंगारवाल्याकडून ११ केव्हीचा पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर (पीटी) उचलला. जुन्या एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलमधून निघालेला, इपॉक्सीत ओतलेला, म्हणजे तेलाची भानगड नाही. प्लेट शाबूत: ११०००/११० व्होल्ट, १०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँप). आता दिवाळी उलटलीय. काम दोनच प्रकारचं घेतलं, जेकब्स लॅडर (दोन उभ्या तारांमधून वर चढत जाणारा आर्क, म्हणजे सलग ठिणगी) चालवणं आणि चिनी मातीचे जुने इन्सुलेटर तपासणं.

पीटी लाईनवर असतो तेव्हा ११ हजाराचे ११० करून मीटरला देतो. आपण उलट्या बाजूने ११० दिले की पलीकडे ११ हजार. मात्र ते डिमरस्टॅटनेच (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) द्यायचे, शून्यापासून हळूहळू. घरातले २३० थेट लावले तर २३ हजार मिळत नाहीत. कोर सॅच्युरेट होतो, म्हणजे लोखंडी गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, करंट बेफाम चढतो आणि वाइंडिंग जळतं. शिवाय डिमरस्टॅट घरच्या लाईनपासून वीज वेगळी करत नाही. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर नॉब शून्यावर असूनही आउटपुटची तार जिवंत असते. म्हणून मी दोन्ही तारा तोडणारा कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा स्विच) बसवलाय.

सगळ्यांचा घोटाळा होतो तो त्या १०० व्हीएवर. त्याला ११ हजाराने भागले की ९ मिलीअँप येतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण तो आकडा अचूक मापाची हमी आहे, करंटची मर्यादा नव्हे. निऑन बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच करंट रोखून धरतो, हा रोखत नाही. आर्क पेटला म्हणजे शॉर्टच की, मागेल तेवढा देत राहतो. मी ११० च्या बाजूला हजार वॅटच्या शेगडीची कॉइल सिरीजला टाकलीय. तापल्यावर साधारण ५३ ओम, त्यामुळे पूर्ण शॉर्टमध्येही या बाजूला २ अँप आणि एचटीला २० मिलीअँपच्या आसपास. हे १०० व्हीएच्या वर जातं, म्हणून प्लेटवरचा थर्मल बर्डन (फाजील न तापता पेलेल तेवढा भार) बघून, थोडाच वेळ. नुसत्या चाचणीला २०० वॅटचा सिरीज बल्ब पुरतो; वायरमन लोकांचा जुनाच बल्ब, शॉर्ट झाला की पेटून सांगतो. एवढं करून वाचतो तो पीटी, माणूस नव्हे. २० मिलीअँपला हात आखडतो, तार सोडवत नाही.

‘घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी (विजेची गळती दिसली की लाईन तोडणारा स्विच) आहे ना?’ हे मला सारखं विचारतात. त्याचा इथे उपयोग नाही. एचटी बाजूचा शॉक एचटी वाइंडिंगलाच परत जातो; आरसीसीबीला या बाजूला काहीच कमी-जास्त दिसत नाही. एचटीचं एक टोक, कोर आणि भोवतीची लोखंडी जाळी, तिन्ही अर्थ केलेत. जाळीच्या दाराला लिमिट स्विच आहे: दार उघडलं की कॉन्टॅक्टर पडतो, वीज तुटते. तरी आत हात घालण्याआधी अर्थिंगची काठी टेकवायचीच. कपॅसिटर जोडणाऱ्याने तर ही काठी विसरूच नये.

बेळगावचा पाऊस हीच याची खरी परीक्षा. जुलैत दोऱ्यावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे इपॉक्सीवरची धूळ कोरडी कुठली? आठ-नऊ केव्हीलाच चर्रर्र आवाज आणि अंधारात निळसर झाक. स्पिरिटने पुसून, पेटीत रात्रभर बल्ब ठेवून सकाळी मेगर केला (इन्सुलेशन मोजलं) की पूर्ववत. ओल्या दिवसांत मी बंदच ठेवतो. आर्कमुळे ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, त्यामुळे शेडची दोन्ही दारं उघडी हवीत.

गणपतीला एका मंडळाच्या पोरांनी देखाव्यासाठी मागितला. नाही म्हटलं. ओला मांडव, गर्दी, त्यात लहान पोरं. पोरं रुसली, रुसू देत.

काहीजण खांबावरच्या टीसीच्या (वीज वाटपाच्या ट्रान्सफॉर्मरच्या) मागे असतात. २५ केव्हीएच्या टीसीला एचटीचा फुल लोड करंटच १.३ अँप, आणि शॉर्टमध्ये त्याच्या वीसपटीच्या पुढे. छंदासाठी तो नकोच. जुन्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असण्याची धास्ती वेगळीच.

खर्चाचं म्हणाल तर पीटी स्वस्तात पडला. डिमरस्टॅट, कॉन्टॅक्टर, जाळी आणि अर्थपिट यांनीच खिसा रिकामा केला. तेवढी तयारी नसेल तर पीटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. घेताना इपॉक्सीला तडा किंवा काळी रेघ आहे का बघा, आणि पावती घ्या, चोरीचा माल फिरतो. दुकानात मल्टीमीटरने ११० ची बाजू तपासण्याआधी एचटीची दोन्ही टोकं तारेने जोडा. पिना काढताना पलीकडे चांगलाच झटका उठतो, आणि भंगारवाल्याचा हात बहुधा तिथेच असतो.