लहान लेथवर आठ महिने मोठे, उथळ बोअर: एका न दिलेल्या बोल्टची तक्रार

गेल्या महिन्यात माझ्या लेथच्या (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या) हेडस्टॉकमधील, म्हणजे धातूचा तुकडा फिरवणाऱ्या भागातील, प्लास्टिकच्या गिअरचे तीन दात एका झटक्यात तुटले, आणि आठ महिने मनात साचलेले सर्व एकदा लिहून काढावे असे वाटले. यंत्र नेहमीचेच आहे: 180 मिमी स्विंग (बसू शकणारा सर्वांत मोठा व्यास), ब्रशची डीसी मोटर, हाय-लो गिअर. माझे काम मात्र त्याच्या आवाक्याच्या काठावरचे आहे. 6206 बेअरिंगसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड चकत्यांत 62 मिमी व्यासाचे आणि 16 मिमी खोलीचे बोअर (अचूक मापाची गोल भोके) मारायचे असतात. त्यांतील काही आरपार असतात, तर काहींना तळाशी पायरी असते.

पहिले दोन महिने मी 13 मिमीचे ड्रिल मारून पुढचे सगळे काम बोअरिंग बारवर (भोक आतून मोठे करणाऱ्या टूलच्या दांड्यावर) सोपवत होतो. ड्रिल मारले की बरेच काम उरकले असे वाटते. पण हिशेब केला तर 13 मिमीचे भोक 62 मिमीच्या बोअरमधला पाच टक्केही धातू काढत नाही. उरलेला सगळा धातू सोबत आलेल्या 8 मिमीच्या बारने, तोही 50 मिमी बाहेर काढून, मी खरवडत बसलो होतो. एका बोअरला पूर्ण संध्याकाळ जाई, भिंतीवर चॅटरच्या (टूलच्या थरथरीच्या) लाटा उठत, आणि दोष मी यंत्राला देई. तो दोष माझा होता, हे इथे मान्य केले पाहिजे. भोक 16 मिमी खोल असताना बार 25 मिमीहून अधिक बाहेर ठेवण्याचे कारणच नव्हते. बाहेरची लांबी निम्मी केली की बारचे वाकणे एक अष्टमांशावर येते, आणि जाडी 8 वरून 12 मिमी केली की ताठपणा पाचपट होतो. दोन्ही मिळून चाळीसपट फरक पडतो. हे दोन्ही बदल केले त्या दिवसापासून याच यंत्रावर मिनिटाला 300 फेऱ्यांना स्वच्छ कट येऊ लागला.

आरपार बोअरसाठी मात्र खरी सुटका ट्रेपॅनिंगने केली. 60 मिमी बाह्य व्यासाची आणि 4 मिमी रुंदीची गोल खाच मारली की धातूचा फक्त चौथा हिस्सा चिप होऊन जातो आणि मधली 52 मिमीची चकती अखंड हाती येते. चिप झाडून टाकण्यापेक्षा चकती कपाटात ठेवण्यात मला जे समाधान मिळते, त्याला कोणी कंजूषपणा म्हटले तरी चालेल. टूल मी एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) तुकड्यातून स्वतः घासले. सुरुवातीला त्याची बाहेरची बाजू सरळच ठेवली होती आणि ते खाचेत किंचाळू लागले. कारण साधे आहे: धारेखाली 8 मिमीवर खाचेची बाहेरची भिंत 1.1 मिमी आत वळलेली असते आणि टूलचा खालचा भाग तिच्यावर घासतो. तेवढी बाजू गोलसर घासली आणि आवाज बंद झाला.

गिअर गेला तो याच कामात. शेवटचा अर्धा मिलिमीटर उरला असताना टूलने धातू ओढून घेतला, सुटलेली चकती तिरपी होऊन टूल आणि जॉब यांच्यामध्ये अडकली आणि मोटर फिरत असताना चक (जॉब धरून फिरवणारा भाग) जागेवर थांबला. विक्रेत्याने हा अतिभार आहे आणि हमीत बसत नाही, असे कळवले. अकरा ईमेलनंतर गिअर आला. आता मी खाच दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी मारतो, मध्ये पातळ पापुद्रा ठेवतो आणि चकती हातोडीने ठोकून काढतो. प्लास्टिकचा गिअर फ्यूजसारखा तुटला म्हणून मोटर वाचली, हेही आता पटते.

पण मूळ तक्रार वेगळी आहे. या लेथच्या कॅरेजला, म्हणजे टूल घेऊन बेडवर लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या भागाला, लॉक नाही. एक बोल्ट आणि एक पट्टी, एवढ्याच गोष्टीची उणीव आहे! कॅरेज जागेवर आवळता आली असती तर खाच मारताना फीड कंपाउंडने (कॅरेजवरच्या छोट्या स्लाइडने), डायलवरची घरे मोजत दिला असता आणि टूलला पुढे झेप घ्यायला वावच राहिला नसता. पायरीच्या बोअरमध्ये हे अधिक जाचते. तिथे मी क्रॉस स्लाइडने (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाने) मध्यापासून कडेकडे एकेक मिलिमीटरचा थर काढतो, आणि प्रत्येक थराला कॅरेज गुपचूप टेलस्टॉककडे, म्हणजे चकपासून दूर, सरकते. एका हाउसिंगमध्ये तळ मध्यापेक्षा कडेला 0.15 मिमी उथळ निघाला, आणि बेअरिंगची बाहेरची रिंग नेमकी कडेलाच टेकते. कॅरेज चालवणारा लांब लीड स्क्रू थांबवून त्यावर कॅरेजचा हाफ नट बसवून पाहिला. त्याने कॅरेज पळत नाही, पण नटातल्या ढिलेपणाएवढी हलतेच.

शेवटी कपाटातल्या एका 52 मिमीच्या चकतीतून पट्टी कापली, बेडच्या कडेखाली बसवली आणि एम6 बोल्टने कॅरेजला आवळली. तळ आता 0.02 मिमीत सपाट येतो. विक्रेत्याला मी या लॉकचे छायाचित्र पाठवले आणि पुढच्या यंत्रांना ते द्यावे, असे सुचवले. उत्तरात त्यांनी गिअर पुन्हा तुटला का, एवढेच विचारले आहे.