गोव्याच्या फुटबॉल पॉडकास्टसाठी स्वतःची साइट: मोसमभर वापरून काय वाटलं

आम्ही फोंड्यातून गोव्याच्या फुटबॉलवर मराठीत पॉडकास्ट करतो. गेल्या पावसाळ्यापासून तो वर्डप्रेसच्या साइटवर, सिरियसली सिंपल पॉडकास्टिंग हे प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घालून चालवतोय.

पहिला फायदा म्हणजे आरएसएस फीड, म्हणजे ज्यातून पॉडकास्ट अ‍ॅप्सना नवे भाग कळतात ती यादी, आपल्याच डोमेनवर राहतो. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. फीड हाताशी असला की अशा वेळी श्रोता दुसऱ्या अ‍ॅपवर आपल्याला शोधू शकतो. उद्या होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच.

खरा लाभ मात्र जुन्या भागांचा झाला, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. सामन्याची चर्चा दोन दिवसांत शिळी होते. पण डेम्पो क्लबची पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदं, ब्रह्मानंद शंखवाळकरांचं गोलरक्षण, २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंगने आय-लीगमधून घेतलेली माघार, हे विषय लोक शोधत येतात. प्रत्येक भागाला वेगळं पान आणि त्याखाली मराठीत सविस्तर गोषवारा दिल्यावर सर्चमधून नवे श्रोते मिळू लागले. गोषवारा लिहायला वेळ जातो, पण तो टाळू नका.

ऑडिओ साइटच्या सर्व्हरवर ठेवू नका. स्वस्त शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) गर्दीत गुदमरतं. फाइल्स वेगळ्या स्टोरेजवर ठेवा. बोलण्याला ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो पुरतो. तासाभराचा भाग साधारण २९ एमबी होतो, १२८ला त्याच्या दुप्पट. सत्तरी तालुक्यातल्या श्रोत्यांना हा फरक लगेच जाणवला.

आता पैसे. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल तर लांब व्हिडिओंसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं प्रेक्षण लागतं. मिळालाच तर तो वरखर्चाला. आमचा आधार युपीआय ऑटोपेवरची मासिक वर्गणी आणि आमचं प्रायोजक असलेलं मडगावचं एक खेळसाहित्याचं दुकान. पेमेंट गेटवेने कागदपत्रं तपासायला फार वेळ लावला, तेवढी तयारी आधीच करा. प्रायोजकाला डाउनलोड आणि प्रत्यक्ष ऐकणं यांतला फरक स्पष्ट सांगा. आम्ही सांगितला, तरी ते टिकले.

गटात प्लगइन अपडेट करणारा, बॅकअप घेणारा माणूस नसेल तर तयार होस्टिंग सेवा घ्या. फक्त आधी विचारा: सोडून जाताना जुन्या फीडवर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणं) देता का?